गिळलेली वस्तू आणि आतड्याला होणारी इजा : पहिल्या मिनिटापासून शेवटच्या एक्स-रेपर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमाने

मुलाने काहीतरी गिळलं की बहुतेक घरांत आधी केळं सोललं जातं आणि मग डॉक्टरांना फोन लागतो. माशाचा काटा अडकला तर कोरड्या भाताचा गोळा, टाचणी गिळली तर एरंडेल, सेल गिळला तर मिठाचं पाणी पाजून उलटी. हे सगळं मायेपोटी होतं, पण नेमकं याच पहिल्या अर्ध्या तासात नुकसान वाढतं.

गिळलेल्या दहा वस्तूंपैकी आठ-नऊ आपोआप शीवाटे पडतात, हे खरं आहे. उरलेल्यांपैकी बहुतेक दुर्बिणीतून (तोंडावाटे आत घातलेल्या, कॅमेरा लावलेल्या नळीने) काढता येतात, आणि शंभरात साधारण एखाद्यालाच शस्त्रक्रिया लागते. गोंधळ होतो तो हा हिशेब सगळ्या वस्तूंना सरसकट लावल्यामुळे. नाणं पोटात उतरलेलं असेल तर 'थांबा, पडेल' हा सल्ला योग्य आहे. तोच सल्ला बटण सेलच्या (घड्याळात, रिमोटमध्ये असतो त्या नाण्यासारख्या चपट्या सेलच्या) बाबतीत अन्ननलिका जाळतो आणि चुंबकांच्या बाबतीत आतड्याला भोकं पाडतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. वस्तू कोणती हे कळल्याशिवाय तिच्यावर उपाय सुरू करायचा नाही.

टप्पा १ : वस्तू श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत?

आधी हे पाहा. मूल बोलतंय, रडतंय, जोरात खोकतंय का? मग हवा जात-येत आहे. त्याला खोकू द्या, पाठीत धपाटे घालू नका, तोंडात बोट घालू नका. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, खोकला निघत नसेल, तर वस्तू श्वासमार्गात अडकली आहे. त्या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवा.

एक वर्षाखालचं बाळ : हाताच्या पुढच्या भागावर पालथं घ्या, डोकं धडापेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याने ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळव्याच्या टाचेने ५ दाब. वस्तू बाहेर येईपर्यंत आलटून-पालटून.

एक वर्षावरील मूल आणि मोठी माणसं : पुढे वाकवून पाठीवर ५ थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे ५ झटके. शुद्ध हरपली तर जमिनीवर निजवून छाती दाबायला सुरुवात करा. एकाने हे करत राहायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा.

> धोका : वस्तू डोळ्यांना दिसत नसताना घशात बोट फिरवू नका. वर अडकलेली वस्तू त्याने खाली ढकलली जाते आणि अर्धा बंद असलेला श्वास पूर्ण बंद होतो.

श्वास व्यवस्थित आहे, पण लाळ गळते, गिळताना मूल तोंड वेडंवाकडं करतं, खायला नकार देतं, घसा किंवा छाती दाखवतं? मग वस्तू बहुधा अन्ननलिकेत आहे. काहीच त्रास दिसत नसेल तरी ती तिथे असू शकते. लक्षण नाही म्हणजे धोका टळला, असं धरून पुढचे टप्पे गाळू नका.

टप्पा २ : काय गिळलं, किती गिळलं, कधी गिळलं

याला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका, पण ही पाच मिनिटं वाचवूही नका. कागदावर लिहा :

१. वस्तू कोणती. नक्की माहीत नसेल तर काय गायब आहे ते शोधा. रिमोटचं, वजनकाट्याचं, गाणाऱ्या खेळण्याचं, दारी लावायच्या विजेच्या पणतीचं झाकण उघडं पडलंय का? कानातल्याची फिरकी, नाकातली चमकी, ब्लाउजचा हुक, खेळण्यातलं चुंबक जागेवर आहे का?

२. किती. चुंबकांच्या बाबतीत हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. खोक्यात मुळात किती होती आणि आता किती उरली, ते मोजा.

३. गिळल्याची वेळ. कोणी पाहिलं नसेल तर मूल शेवटचं नजरेसमोर कधी होतं ती वेळ लिहा.

४. शेवटचं खाणं-पिणं काय आणि किती वाजता. भूल देणारे डॉक्टर हेच आधी विचारतात. सर्वसाधारणपणे हलक्या जेवणानंतर सहा तास, अंगावरच्या दुधानंतर चार तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास थांबावं लागतं. सेल अन्ननलिकेत असेल तर मात्र ते इतकं थांबत नाहीत.

५. आधी पोटाची शस्त्रक्रिया, हर्निया, अन्ननलिकेचा किंवा आतड्याचा जुना आजार, रक्त पातळ करणारी औषधं. पोटात जुने चिकटे (शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटवणारे पट्टे) असतील तर एरवी सहज जाणारी वस्तूही वाटेत अडते.

तशीच दुसरी वस्तू घरात असेल तर सोबत घ्या. सेल असेल तर त्याचं पाकीट किंवा तो ज्यात होता ते उपकरण. सेलवरचा आकडाच त्याचं माप सांगतो : सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी.

मापं लक्षात ठेवण्याचं कारण असं. लहान मुलांत २५ मिलिमीटरपेक्षा रुंद वस्तू जठराच्या खालच्या दारातून सहसा उतरत नाही. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं सुमारे २२ मिलिमीटर, पाचाचं २३, दोनाचं २५ आणि दहाचं २७. म्हणजे 'एक रुपया' आणि 'दहा रुपये' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. लांबीचंही तसंच. मोठ्या माणसांत ६ सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू (टूथब्रश, चमचा, पेन) लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात वळू शकत नाही. आतड्याचा तो भाग पाठीला चिकटलेला असतो, हलून वाट करून देत नाही.

टप्पा ३ : तपासणी होईपर्यंत काय द्यायचं नाही

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून एकेक कारणासकट.

केळं, भात, पोळीचे मोठे घास : घशातला काटा यांनी निघत नाही, खोल रुततो. जठर भरलं की भूल देणं धोक्याचं होतं आणि दुर्बिणीतून वस्तू दिसत नाही. केळ्यात गुंडाळली जाऊन टाचणी 'सुरक्षित' होते ही कल्पना निराधार आहे. केळं जठरातच विरतं, टाचणी तशीच राहते.

उलटी करवणं : टोकदार वस्तू परत येताना दुसऱ्यांदा ओरखडते, सेल पुन्हा अन्ननलिकेत येऊन बसतो, आणि कुठलीही वस्तू उलटीबरोबर श्वासनलिकेत शिरू शकते. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम जीवघेणं वाढू शकतं.

एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या, एनिमा : आतडं जोरात आवळतं आणि टोकदार वस्तू भिंतीत घुसते.

मांस मऊ करणारी पावडर किंवा कच्च्या पपईचा चीक : मटणाचा तुकडा छातीत अडकल्यावर हा सल्ला अजूनही ऐकू येतो. यातला पाचक रस मांस आणि अन्ननलिकेची भिंत यांत फरक करत नाही, आणि भिंत फाटल्याची उदाहरणं आहेत. मोठ्या माणसाच्या छातीत घास अडकला आणि स्वतःची लाळही गिळता येत नसेल, तर सहा तासांच्या आत दुर्बीण व्हायला हवी. असा घास वारंवार अडकत असेल तर अन्ननलिका कुठेतरी अरुंद झालेली असते. घास निघाला म्हणून ती तपासणी टाळू नका.

> तपासून घ्या : घरातल्या सगळ्यांना, विशेषतः बाळाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना, 'डॉक्टर सांगेपर्यंत तोंडात काही नाही' हे स्पष्ट सांगितलं का? याला एकच अपवाद आहे, तो पुढच्या टप्प्यात.

टप्पा ४ : बटण सेल – इथे घड्याळ दोन तासांचं आहे

अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत खोल जखम करू शकतो. आतलं रसायन गळतं म्हणून हे होतं, असा सर्वसाधारण समज आहे. खरं कारण वीज आहे. ओली भिंत सेलच्या दोन बाजूंना जोडते, प्रवाह वाहू लागतो आणि ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो. ती बाजू ज्या भिंतीला टेकलेली असते ती भिंत विरघळत जाते. त्यामुळे सेल अखंड आहे, गळलेला नाही, यात कसलाही दिलासा नाही. घड्याळ चालेना म्हणून काढून ठेवलेल्या 'संपलेल्या' सेलमध्येही भाजण्यापुरती वीज उरलेली असते. २० मिलिमीटरचे लिथियमचे ३ व्होल्टचे सेल सर्वांत घातक आहेत, कारण ते लहान मुलाच्या अन्ननलिकेत घट्ट बसतात आणि जुन्या छोट्या सेलच्या दुप्पट व्होल्टचे असतात.

क्रम असा :

१. ताबडतोब निघा. लहान मुलांची दुर्बीण त्या क्षणी, रात्रीसुद्धा, होते का हे वाटेतून फोन करून विचारा. एक्स-रे नसलेल्या दवाखान्यात थांबून वेळ घालवू नका. गाडीची सोय नसेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८.

२. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळू शकत असेल, गिळून बारा तास झालेले नसतील आणि मध घरात हाताशी असेल, तर मध द्या : १० मिलिलिटर (दोन चहाचे चमचे), दर १० मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलभोवती थर धरतो आणि क्षाराची धार कमी करतो. तो फक्त वाटेतला वेळ काढून देतो. मध आणायला दुकानात थांबू नका, मधासाठी निघणं लांबवू नका.

३. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे त्या वयात बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो.

४. रुग्णालयाच्या दारात पहिलं वाक्य 'बटण सेल गिळल्याची शंका आहे' हेच असू द्या. केसपेपरच्या रांगेत उभे राहू नका. हे सांगण्यात संकोच बाळगायचं काहीच कारण नाही.

> धोका : गिळून बारा तासांहून जास्त झाले असतील किंवा नक्की वेळ माहीत नसेल तर मध देऊ नका. तोवर भिंतीला भोक पडलेलं असू शकतं आणि मध त्यातून बाहेर झिरपतो.

सेल जठरात उतरलेला दिसला तर घाई थोडी कमी होते, पण संपत नाही. पाच वर्षांखालचं मूल आणि २० मिलिमीटर किंवा मोठा सेल असेल, तर जाता जाता अन्ननलिकेला इजा झाली का हे पाहण्यासाठी आणि सेल काढण्यासाठी बहुधा एक-दोन दिवसांत दुर्बीण करतात. एखाद्या घरात सेल गिळल्यानंतर मुलाला काहीच त्रास होत नसल्याने 'बघू उद्या' म्हटलं जातं. तो उद्या या एका वस्तूच्या बाबतीत परवडत नाही.

टप्पा ५ : एक्स-रे – किती, कुठले, आणि त्यात काय पाहायचं

'पोटाचा एक्स-रे काढला, काही दिसलं नाही' हे वाक्य अपुरं आहे. मान, छाती आणि पोट तिन्ही यायला हवेत. वस्तू मानेत असताना फक्त पोटाचा फोटो काढला गेला की ती सुटून जाते. वस्तू दिसली तर समोरून एक आणि बाजूने एक, असे दोन फोटो घ्यावे लागतात.

गोल सावली दिसली आणि कोणी 'नाणं आहे' म्हणालं, तर एक प्रश्न जरूर विचारा : 'कडेला दुहेरी वर्तुळ दिसतंय का?' बटण सेलच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ दिसतं, आणि बाजूच्या फोटोत एका बाजूला पायरी दिसते. नाण्याची कड सलग असते. दोन तास आणि दोन आठवडे यांतला फरक या एका वर्तुळावर ठरतो. डॉक्टरांना हा प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही.

एक्स-रेमध्ये न दिसणाऱ्या वस्तू बऱ्याच आहेत : बहुतेक माशांचे काटे, लाकडी दातकोरणं, प्लास्टिक, पाण्यात फुगणारे जेलचे मणी, कवळीचा ॲक्रिलिकचा भाग, गोळीच्या पाकिटाचं प्लास्टिक, ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा. यांच्यासाठी गरजेप्रमाणे सीटी स्कॅन किंवा थेट दुर्बीण लागते. बेरियमचं पांढरं पाणी पाजून तपासणी करण्याचा आग्रह धरू नका. ते श्वासात गेलं तर त्रास होतो आणि दुर्बिणीसमोर सगळं पांढरं होऊन जातं.

> तपासून घ्या : चुंबक किंवा लोखंडी वस्तू गिळल्याची शंका असताना एमआरआय होता कामा नये. कुणी तो सुचवला तर थांबवा आणि शंकेचं कारण सांगा.

टप्पा ६ : चुंबकं – दोन दिवस काहीच होत नाही, हाच खरा धोका

दागिन्यांच्या मण्यांसारख्या दिसणाऱ्या, ३ ते ५ मिलिमीटरच्या चमकदार चुंबकगोळ्या निओडिमियमच्या असतात. फ्रिजवरच्या साध्या चुंबकापेक्षा त्या कितीतरी पट जोरकस असतात. एकच गोळी असेल आणि तिच्याबरोबर दुसरं कुठलंही लोखंड गिळलेलं नसेल, तर ती बहुधा पडून जाते. दोन असल्या, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी स्क्रू असला, की गोष्ट वेगळी.

होतं असं. दोन गोळ्या वेगवेगळ्या वेळी गिळल्या जातात. एक आतड्याच्या पुढच्या वेढ्यात असते, दुसरी मागच्या. शेजारून जाताना त्या एकमेकींना ओढतात आणि मधल्या दोन भिंती चिमट्यात सापडतात. चिमट्यातल्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, तो भाग मरतो, भोक पडतं. कधी दोन वेढ्यांमध्ये आरपार बोगदा होतो, कधी चिकटलेल्या जागेभोवती आतड्याला पीळ पडतो. हे काही तासांपासून काही दिवसांपर्यंत चालतं. सुरुवातीला मूल खेळतंय, खातंय. मग पोटात थोडं दुखतं, एक-दोन उलट्या होतात. बाहेरून हे साध्या पोटाच्या संसर्गासारखंच दिसतं, आणि चुंबकाचा उल्लेख झाला नाही तर औषधही त्याचंच मिळतं.

म्हणून :

१. शंका असली तरी त्याच दिवशी एक्स-रे. समोरून आणि बाजूने. एकावर एक बसलेल्या दोन गोळ्या समोरून एकच दिसतात.

२. घरी मोजलेला आकडा आणि एक्स-रेतला आकडा जुळतो का ते पाहा.

३. मुलाच्या अंगावरचा धातूच्या बकलचा पट्टा, लोखंडी बटणांची पँट काढून टाका.

४. जठरापर्यंत असतील तर लगेच दुर्बिणीतून काढतात. पुढे गेली असतील तर मुलाला दाखल करून दर काही तासांनी एक्स-रे घेतात. जागा बदलत नसेल किंवा पोट दुखू लागलं, तर मुलांच्या सर्जनकडून शस्त्रक्रिया. ती होण्याआधी भोक पडण्याची वाट पाहायची नसते.

> धोका : मोठी मुलं जिभेला किंवा ओठाला दोन्ही बाजूंनी चुंबक लावून टोचलेल्या दागिन्याचा भास करतात आणि गिळतात. ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत. विचारताना आवाज चढवू नका. आकडा खरा कळणं जास्त महत्त्वाचं आहे.

पाण्यात फुगणारे जेलचे मणीही याच टप्प्यात घ्या. कोरडे असताना मोहरीएवढे किंवा थोडे मोठे, फुगल्यावर कितीतरी पट. लहान आतड्यात फुगले की आतडं बंद होतं. एक्स-रेत दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसू शकतात. गिळल्याचं पाहिलं असेल तर ते जठरात असतानाच दुर्बीण करता येते, म्हणून उलटी सुरू व्हायची वाट पाहू नका.

टप्पा ७ : टोकदार वस्तू – काटा, टाचणी, दातकोरणं, गोळीचं पाकीट

साडीच्या निऱ्या घालताना ओठांत धरलेली सेफ्टी पिन, शिवताना दातांत धरलेली टाचणी, ठसका लागला की आत जाते. बंद सेफ्टी पिन बहुतेक वेळा शीवाटे पडते, उघडी पडेल याचा भरवसा नसतो. टोकदार वस्तू अन्ननलिकेत असेल तर तातडीने, जठरात असेल तर २४ तासांच्या आत काढतात. जठराच्या पुढे सरकली की दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर जाते, म्हणून हा एक दिवस हातचा घालवू नका. पुढे गेलेली असेल तर रोज एक्स-रे, आणि तीन दिवस एकाच जागी राहिली तर शस्त्रक्रियेचा विचार.

काढताना दुर्बिणीच्या टोकाला मऊ टोपी किंवा बाहेरून नळी लावतात. त्यामुळे टोक भिंतीला लागत नाही.

माशाचा काटा : सुरमई, बांगडा, हलवा खाताना किंवा गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याचा काटा अडकला, तर बहुतेक वेळा तो टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी असतो. रुग्ण बोटाने एका बाजूला नेमकी जागा दाखवतो. नाक-कान-घसा तज्ज्ञ तो दिव्याच्या उजेडात काढू शकतात. काटा निघून गेल्यावरही ओरखड्यामुळे एक-दोन दिवस टोचल्यासारखं वाटत राहतं. टोचणं वाढत गेलं, मान वळवता येईना, ताप आला, मानेला सूज आली आणि दाबल्यावर त्वचेखाली कुरकुर लागली, तर काटा भिंतीतून आरपार गेलेला असू शकतो. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहायची नाही.

काटा किंवा कोंबडीच्या हाडाची कपची खाली उतरून आतड्यात गेली, तर ती बहुधा दोन ठिकाणी अडते : लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे, उजव्या बाजूला खाली, आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर, डाव्या बाजूला खाली. उजवीकडचं दुखणं हुबेहूब अपेंडिक्ससारखं वाटतं. बारीक काटा भिंतीतून हळूहळू बाहेर पडतो, शरीर त्या जागेला आजूबाजूच्या चरबीने झाकून घेतं, त्यामुळे छातीच्या उभ्या एक्स-रेत मोकळी हवा दिसतेच असं नाही. जठरातून बाहेर पडलेला काटा यकृतात शिरून तिथे गळू झाल्याचीही उदाहरणं आहेत. त्यात कित्येक दिवस फक्त ताप येतो. अशा दुखण्यात 'गेल्या महिन्याभरात मासे किंवा बोनलेस नसलेलं चिकन खाल्लं होतं, घाईत जेवलो होतो' एवढं सांगितलं तर डॉक्टरांच्या मनात सीटी स्कॅनचा विचार लवकर येतो.

कवळी वापरणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. टाळू झाकलेली असल्याने तोंडातला काटा त्यांना जाणवत नाही. अर्ध्या कवळीच्या तारेचे हूक तर स्वतःच टोकदार असतात. झोपताना कवळी काढून ठेवायची. दातकोरणं गिळल्याचं बहुतेकांना आठवतच नाही, कारण ती चटणी-सँडविचमध्ये किंवा कबाबमध्ये खोचलेली असतात.

गोळीचं पाकीट हा विषय आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. औषधाच्या दुकानात पट्टी कापून एक-एक गोळी सुटी दिली जाते, आणि नजर अधू झालेली वृद्ध माणसं ती पाकिटासकट गिळतात. कापलेले चार कोपरे ब्लेडसारखे असतात. ते लहान आतड्यात अडतात आणि भिंत चिरतात. घरात डबी भरताना गोळ्या पाकिटातून काढूनच भरा. पट्टी कापून आणावी लागली तर कोपरे कात्रीने गोल करा. घशात 'गोळी अडकल्यासारखी' म्हणणाऱ्या आजोबांना पाणी पाजण्याआधी तीच गोळी पाकिटासकट गेली का, हे पाहा.

टप्पा ८ : घरी वाट पाहायची तर ती कशी

हे फक्त डॉक्टरांनी एक्स-रे पाहून 'घरी न्या' म्हटल्यावर. लहान, बोथट, जठराच्या पुढे गेलेली वस्तू, आणि मूल ठणठणीत. अन्ननलिकेत अडकलेल्या नाण्यालाही त्रास नसेल तर फार तर २४ तासच थांबतात.

१. जेवण नेहमीचं. या वेळी केळं-भात हवा तर द्या, त्याने वस्तू लवकर पडत नाही आणि नुकसानही नाही. इसबगोल किंवा जुलाब नकोत.

२. शी तपासायची. हातमोजे, एक जुनी प्लास्टिकची चाळणी, टाकून देता येईल अशी काडी. डायपरमधली शी चाळणीत घेऊन वरून पाण्याची धार सोडा आणि काडीने फोडा. मोठ्या मुलाला वर्तमानपत्रावर किंवा पॉटीत बसवा, संडासात नको. एकही शी चुकली तर 'वस्तू पडली नाही' असं धरून चाला.

३. वेळ : बऱ्याच वस्तू चार ते सहा दिवसांत पडतात, काहींना तीन-चार आठवडेही लागतात.

४. पडली नाही तर आठवड्याने पुन्हा एक्स-रे. नाणं तीन-चार आठवडे जठरातच राहिलं तर दुर्बिणीतून काढतात. जठराच्या पुढे गेलेली वस्तू आठवडाभर एकाच जागी दिसली तर सर्जनला दाखवा.

> तपासून घ्या : 'शीतून पडलंच असेल' हा अंदाज झाला. वस्तू हातात मिळाली किंवा शेवटच्या एक्स-रेत दिसली नाही, तरच प्रकरण बंद करा.

टप्पा ९ : आतड्याला इजा झाल्याच्या खुणा

यातली एक जरी दिसली तरी घरी थांबणं संपलं. खाणं-पिणं बंद करा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

पोटातली कळ थांबून-थांबून न येता सलग दुखत राहते आणि वाढत जाते. पोट फळीसारखं कडक लागतं, हात लावू देत नाही, मूल पाय पोटाशी घेऊन निपचित पडतं. हिरवी उलटी होते : पित्त वर येतंय म्हणजे खाली रस्ता बंद आहे. पोट फुगतं, वारा सरत नाही. ताप येतो, नाडी जलद होते. शीतून लाल रक्त पडतं, किंवा शी डांबरासारखी काळी, चिकट होते. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

एक फसवी गोष्ट इथे घडते. भोक पडताना कळ तीव्र असते, आणि मग थोडा वेळ दुखणं उतरल्यासारखं वाटतं. घरात हायसं वाटतं. काही तासांनी पोट फुगतं, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. मधल्या त्या शांततेत दुखण्याची गोळी देऊन झोपवू नका.

शस्त्रक्रियेत लहान भोक टाके घालून बंद करतात. चुंबकांनी अनेक ठिकाणी भोकं पाडली असतील, तर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडतात. पोटात घाण फार पसरलेली असेल तर काही आठवड्यांसाठी आतडं पोटावर उघडून पिशवी लावावी लागू शकते. ती बहुधा तात्पुरती असते, नंतर आतडं परत जोडतात.

टप्पा १० : वस्तू निघाल्यानंतर

काढलेल्या वस्तू मोजून घ्या, विशेषतः चुंबकं. आकडा जुळला नाही तर पुन्हा एक्स-रे.

सेल निघाल्यावर जखम थांबत नाही. भाजलेली भिंत पुढचे काही दिवस, कधी काही आठवडे, खोल होत जाते आणि शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी मोठ्या रक्तस्रावाआधी थोडंसं रक्त पडतं : उलटीत एक गुठळी, काळी शी, नाकातून अचानक रक्त. पुढचे तीन-चार आठवडे यातलं काहीही दिसलं तर 'थोडंसंच आहे' म्हणून थांबू नका, त्याच रुग्णालयात जा. आवाज घोगरा होणं, पाणी पिताना ठसका लागणं हेही सांगा. काही आठवड्यांनी घट्ट घास अडकू लागला तर तिथे अन्ननलिका आकसली आहे, ती दुर्बिणीतून रुंद करावी लागते.

आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवा. आत चिकटे तयार होतात, आणि कित्येक वर्षांनीही हिरवी उलटी व पोटफुगी त्यांच्यामुळे होऊ शकते. सेल बदलताना जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून लगेच घराबाहेर टाका, आणि उपकरणाचं झाकण स्क्रूने घट्ट बसलंय याची खात्री करा.